परतवाडा-अचलपूर: दोन दिवस, सोबत आई. काय बघावं, काय खावं, काय प्यावं?

रानजाई
नमस्कार मंडळी. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात परतवाड्याला लग्नाला येतेय. नवऱ्याच्या मावसबहिणीची मुलगी. लग्न शनिवारी संध्याकाळी आहे. आम्ही शुक्रवारी सकाळी पोचतो आणि रविवारी रात्रीची गाडी बडनेऱ्याहून आहे. म्हणजे शुक्रवार पूर्ण, शनिवारचा अर्धा दिवस आणि रविवार संध्याकाळपर्यंतचा वेळ मोकळा.

खरं कारण वेगळं आहे. माझी आई अचलपूरला जन्मली. आजोबा तिथे गिरणीत होते. 1966 साली ते नाशिकला आले, तेव्हा आई बारा वर्षांची होती. त्यानंतर ती एकदाही तिकडे गेलेली नाही. आता तिचं वय 72, गुडघे दुखतात, काठी घेऊन चालते. लग्नाचं निमित्त निघाल्यापासून तिच्या आठवणी थांबत नाहीयेत. एक मोठी वेस, जिच्यातून ती शाळेत जायची. तळ्याच्या मधोमध उभा असलेला मनोरा. "छोटी गाडी". आणि शेतात गोवऱ्यांच्या आगीत भाजलेले रोडगे.

मी इंटरनेटवर शोधलं तर जिथे तिथे एकच वाक्य, "चिखलदऱ्याला जाताना परतवाडा लागतं." गावात काय आहे ते कोणीच लिहिलेलं नाही. तिकडच्या लोकांनी मदत करा. आम्ही सगळं खातो, आई फक्त शाकाहारी.

दुल्हागेट
ताई, मी अचलपूरचाच. आमच्या गावाबद्दल कोणी असं विचारलं की बरं वाटतं, कारण इथे लोक पेट्रोल भरायला आणि बस बदलायला थांबतात. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी गावाची ओळख. अचलपूर आणि परतवाडा ही नावं दोन असली तरी घरं घरांना भिडलेली आहेत, नगरपरिषद एकच. परतवाडा ही इंग्रजांची छावणी होती, त्यामुळे रस्ते रुंद, बाजारपेठ मोठी, बसस्थानक तिथेच. अचलपूर जुनं. एके काळी अख्ख्या वऱ्हाडाची राजधानी. बहमनी राज्य फुटलं तेव्हा 1490 मध्ये फत्तेउल्ला इमादुल्मुल्कने इमादशाही उभी केली, ती 1574 पर्यंत चालली आणि मग अहमदनगरच्या निजामशाहीने गिळली. इंग्रजांच्या कागदांत गावाचं नाव एलिचपूर आहे. ईल नावाच्या राजावरून ते पडलं असं म्हातारे सांगतात.

आईंची वेस म्हणजे बहुतेक दुल्हा दरवाजा असेल. पण खात्रीने सांगता येणार नाही, कारण गावाला परकोट होता आणि दरवाजे बरेच. आजोबा कोणत्या पुऱ्यात राहायचे ते आईंना विचारा. आमच्याकडे वस्त्यांची नावं पुऱ्यांवर आहेत: सरमसपुरा, बिलनपुरा, जीवनपुरा, अब्बासपुरा, अशी कितीतरी. पुरा कळला की वेस कळेल.

तळ्यातला मनोरा म्हणजे हौज कटोरा. गावाबाहेर, शेतांच्या बाजूला. गोल तळं आणि मधोमध अष्टकोनी दगडी मनोरा. वरचे मजले आता नाहीत, पण उरलेत त्यांच्या कमानी बघून माणूस थांबतोच. सकाळी आठच्या आत जा. उन्हं तिरपी असतात तेव्हा कमानीच्या आतली सावली निळसर दिसते, दुपारी नुसता तापलेला दगड.

आणि एक विनंती. चिखलदऱ्याच्या नादात गावाचा दिवस कापू नका. शुक्रवार अख्खा गावाला द्या.

सातपुडापायथा
वरच्या प्रतिसादाला अनुमोदन, पण चिखलदरा सोडूच नका असंही म्हणेन. परतवाड्याहून तीसेक किलोमीटरच आहे. रविवारी सकाळी लवकर निघालात तर दुपारपर्यंत होतं. उंची 1,118 मीटर, जानेवारीत सकाळी चांगलीच थंडी, आईंना स्वेटर-मफलर हवंच.

तिथे खायला-प्यायला तीन गोष्टी. एक, कॉफी. चिखलदऱ्यात कॉफी पिकते हे आपल्याच लोकांना माहीत नसतं. दोन, रबडी आणि खवा. वरच्या गावांत गवळी लोकांची जुनी वस्ती आहे. तिथल्या गाविलगड किल्ल्याचं नावही गवळ्यांवरूनच पडलं असं मानतात. म्हशी डोंगरात चरतात, दूध घट्ट, आणि खवा चुलीवर आटवलेला असला की त्याला धुराचा अगदी हलका वास येतो. तीन, मोथा गावची स्ट्रॉबेरी. जानेवारीत हंगाम असतो, रस्त्याकडेला टोपल्या घेऊन बाया बसलेल्या असतात. महाबळेश्वरच्या फळापेक्षा लहान, पण वासाला कमी नाही.

सरकीढेप
ताई, मी वऱ्हाडीतच लिहितो, आईले वाचून दाखवजा, तिले बरं वाटन.

जानेवारीत येऊन रायले म्हंता त सगळ्यात पयले सोले खाजा. तुरीच्या वल्ल्या शेंगाचे दाणे, त्याले आमी सोले म्हंतो. थंडीत घरोघरी हेच चालू रायते. सोले-वांग्याची भाजी, सोल्याची आमटी, सोलेभात. सोले थोडे तव्यावर तेलात परतून घ्या लागते, मंग पाट्यावर जाडेभरडे वाटा लागते, त्यात लसूण, हिरवी मिरची, सांबार. अन् त्याची आमटी केली का भाकरीचा अंदाज चुकतेच, जास्तीच्या कराच लागते.

हॉटेलात हे सहसा भेटत नाई. लग्नघरी सांगून ठेवजा. तुमी पाव्हणे आहा, कोणी नाई म्हणनार नाई.

पोळपाट_लाटणं
@सरकीढेप, सांबार म्हणजे कोथिंबीर हे इतरांसाठी लिहायला हवं होतं. मी लग्न होऊन अमरावतीला आले तेव्हा सासूबाईंनी "दोन रुपयांचा सांबार आण" म्हटलं आणि मी डबा घेऊन निघाले होते. तर रानजाई, गाड्यावर सांबारवडी दिसली तर घ्याच. पुडाची वडी म्हणूनही ओळखतात. बेसनाच्या पारीत भरपूर कोथिंबीर, खसखस, सुकं खोबरं, तीळ भरून तळलेली, सोबत कढी. कढीशिवाय खाऊ नका. पारी कुरकुरीत हवी आणि आत सारण ओलसर हवं. थंड झालेली देत असतील तर पुढच्या गाड्यावर जा.

येताना अमरावतीत तासभर असेल तर गिला वडा. उडदाच्या डाळीचा वडा, वर दही आणि तिखट-आंबट चटण्या. आईंना चावायला अजिबात त्रास नाही.

रानजाई
किती पटपट उत्तरं आली! आईला सगळं वाचून दाखवलं. @सरकीढेप, तुमचा प्रतिसाद तिने दोनदा वाचायला लावला. "सोले" हा शब्द तिने साठ वर्षांत ऐकला नव्हता म्हणाली. नाशिकला आल्यावर आजीने एकदा बाजारात "सोले आहेत का" असं विचारलं होतं आणि भाजीवाल्याला कळलंच नव्हतं, ते तिला अजून आठवतंय.

पुऱ्याचं नाव तिने क्षणात सांगितलं, बिलनपुरा.

दोन प्रश्न. रोडगे कुठे मिळतील? आणि छोटी गाडी अजून आहे का?

शकुंतलेचा_प्रवासी
छोट्या गाडीचं मी सांगतो. शकुंतला. मूर्तिजापूर ते अचलपूर 76 किलोमीटर आणि मूर्तिजापूर ते यवतमाळ 113 किलोमीटर. रुळांमधलं अंतर अडीच फूट. वऱ्हाडातला कापूस मोठ्या लाइनीपर्यंत नेण्यासाठी ती टाकली. किलिक निक्सन ही इंग्रज कंपनी तिचा कारभार बघायची, आणि देशातल्या बाकी रेल्वे सरकारच्या झाल्या तेव्हाही या लाइनीची मालकी खासगीच राहिली. मँचेस्टरला 1921 मध्ये बनलेलं वाफेचं इंजिन 1994 पर्यंत ती ओढत होतं, मग डिझेलचं आलं. आता गाडी बंद आहे. ब्रॉडगेज करा म्हणून लोक कित्येक वर्षं मागणी करतायत.

मी कॉलेजात असताना मूर्तिजापूरहून अचलपूरला हिने आलोय. चार तास लागायचे. गार्डच तिकीट द्यायचा. फाटक आलं की गाडी थांबायची, एक जण उतरून फाटक लावायचा, गाडी पलीकडे गेली की उघडून परत चढायचा. कोणाला घाई नसायची, कारण घाई असलेला माणूस एसटीने जायचा. बाया भाजीचे गाठोडे घेऊन, शाळेतली पोरं, बाजाराच्या दिवशी कोंबड्यासुद्धा. तिकीट इतकं कमी की मजुराला परवडेल. ती बंद झाल्याचा फटका कोणाला बसला हे विचारायचं असेल तर मधल्या गावांतल्या लोकांना विचारा, ज्यांना अजूनही दिवसातून दोन-तीन एसट्यांवर काढावं लागतं.

अचलपूरच्या स्टेशनावर आईंना नक्की न्या. बघायला काही नाही असं कोणी सांगेल, तरी न्या.

दुल्हागेट
बिलनपुरा! मग काम सोपं झालं. आधी बिलनपुऱ्यात जा, आईंना घर ओळखू येतंय का बघा. तिथून शाळेची वाट त्यांच्याच पायांना आठवेल. गल्ल्या अरुंद आहेत, चारचाकी बाहेर लावून ऑटोने जा. ऑटोवाला म्हातारा बघून घ्या, तरुण पोरांना नवीन चौकांचीच नावं माहीत.

सरकीढेप
रोडग्याचं मी सांगतो. दुकानात जाऊन "एक प्लेट रोडगे" असं नसते ना ताई. रोडग्याचा पंगत होते, वावरात नाईतर देवाच्या दारी. नवस फेडाचा असला, सोयरे आले, का रोडगे.

कसे करतेत ते सांगतो. गहू जाडेभरडे दळा लागते, रव्यावानी. त्यात मीठ, ओवा, तेलाचं मोहन, घट्ट भिजवाचं. मंग लहान-लहान पोळ्या लाटाच्या, एकाले तेल लावाचं, त्याच्यावर दुसरी, त्याच्यावर तिसरी, अशा चार-पाच. ह्या थप्पीले बाहेरून मोठ्या पारीत बंद करून गोळा वळाचा. इकडे गोवऱ्या पेटवून ठेवाच्या. जाळ संपला, नुसता निखारा रायला का त्यात रोडगे टाकाचे, वरून गरम राख. मधामधात फिरवाचे. बाहेरून काळे-तांबडे झाले, तडा गेला का काढाचे, फडक्यात घेऊन झटकाचे, राख उडाली का हातानंच फोडाचे. आत पदर सुटून येते. त्याच्यावर तूप वता, तुरीचं वरण अन् वांग्याची भाजी. वांग्याची भाजी मोठ्या गंजात झाली पायजे, तरी वर आली पायजे.

माहा मामेभाऊ चांदूरबाजाराकडे रायते. संत्र्याचा बगीचा हाय त्याचा. तुमाले खरंच पायजे असन त वावरात पंगत ठेवाले लावतो. पैशाचं काई बोलू नका.

तर्रीपोहा
बहिरम कोणी कसं काय सांगितलं नाही अजून? जानेवारी म्हणजे बहिरमची यात्रा! परतवाड्याहून बैतूल रस्त्याला. डिसेंबरच्या 20 तारखेच्या सुमारास सुरू होते ती जानेवारीअखेरपर्यंत चालते. विदर्भातली इतकी दिवस चालणारी यात्रा दुसरी मला माहीत नाही. टेकडीवर बहिरमबुवा, म्हणजे भैरव, लोणी-शेंदूर लावलेली मोठी मूर्ती. खाली सातपुड्याच्या पायथ्याशी राहुट्या, पाळणे, कुस्त्या, कांबळी, सागाची लाटणी-पोळपाट.

आणि हंडी. मातीच्या हंडीत, लाकडाच्या जाळावर शिजलेलं मटण, सोबत रोडगे नाहीतर भाकरी. रांगेने चुली पेटलेल्या असतात. मसाला आधीच्या दिवशी वाटून ठेवतात, हंडीचं तोंड कणकेने बंद करतात, आणि एकदा बंद केलं की मधे उघडत नाहीत. शनिवारी सकाळी जाऊन या, दुपारपर्यंत परत.

पोळपाट_लाटणं
आई शाकाहारी आहेत असं पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय हो.

तर्रीपोहा
वाचलं होतं. बहिरमला शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही. वांग्याची भाजी-रोडगे सगळीकडे मिळतात, म्हणजे रोडग्यांचा प्रश्नही तिथेच सुटतो. आणि एक गोष्ट बहिरमबद्दल सांगायचीच आहे. इथे पूर्वी देवापुढे बोकड कापायची प्रथा मोठी होती. गाडगेबाबा दर यात्रेला येऊन कीर्तन करायचे आणि बळी थांबवा म्हणून लोकांपुढे हात जोडायचे. देवापुढचा बळी बंद झाला तो त्यांच्यामुळे. गाडगेबाबा इथलेच, 1876 मध्ये अंजनगाव सुर्जीजवळच्या शेंडगावात जन्मलेले. माझे आजोबा त्यांच्या कीर्तनाला बसलेले आहेत. बाबांनी आधी हातात खराटा घेऊन जागा झाडली आणि मगच तोंड उघडलं, हे आजोबा शेवटपर्यंत सांगायचे. त्यामुळे बहिरम म्हणजे नुसती मटणाची यात्रा असं कोणी म्हटलं की मला वाईट वाटतं.

दुल्हागेट
@तर्रीपोहा, सगळं मान्य, पण 72 वर्षांच्या बाईला गुडघेदुखीत त्या गर्दीत, धुळीत नेणं मला पटत नाही. शनिवार यात्रेत गर्दीचा दिवस असतो. संध्याकाळी लग्न आहे, थकून जातील.

तर्रीपोहा
सकाळी साडेसातला गेलं तर गर्दी नसते. दहाला निघायचं. टेकडीवर चढायचं नाही, खालूनच हात जोडायचे. मी माझ्या आईला नेलं आहे, ती 78 ची.

वनवाट
या दोघांच्या मधला पर्याय सुचवते. त्याच बैतूल रस्त्यावर खरपीवरून आत वळलं की मुक्तागिरी. दिगंबर जैनांचं सिद्धक्षेत्र, डोंगराच्या कुशीत 52 मंदिरं, मधून धबधबा. हद्द मध्य प्रदेशातली, पण येणंजाणं सगळं परतवाड्याहूनच. पायऱ्या बऱ्याच आहेत आणि पायथ्याशीच चपला काढाव्या लागतात, त्यामुळे आई वर जाऊ शकणार नाहीत. पण खालच्या आवारात बसूनही डोंगरावरची पांढरी शिखरं दिसतात. शांतता अशी की बोलायचं तर हळू बोलावंसं वाटतं. जानेवारीत धबधब्याला पाण्याची धारच असेल, पावसाळ्यात बघण्यासारखा.

गाविलगडाचं कोणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात: चिखलदऱ्याच्या गावापासून जवळच आहे. 1425 मध्ये बहमनी सुलतान अहमदशहाने बांधला, पुढे फत्तेउल्लाने दुरुस्त केला. 15 डिसेंबर 1803 ला आर्थर वेलस्लीच्या फौजेने भोसल्यांकडून जिंकला. तोच पुढे वॉटर्लूवर नेपोलियनशी लढला. आत पूर्ण फिरायला अख्खा दिवस लागतो, तो विचार सोडा. पण दरवाजावरचं शिल्प बघा. दोन तोंडांचा पक्षी, गंडभेरुंड, आणि सोबत हत्ती. दक्षिणेकडे विजयनगरच्या बाजूला दिसणारं चिन्ह सातपुड्यात कसं, तर फत्तेउल्ला मूळचा तिकडचा, हिंदू घरात जन्मलेला, लढाईत लहानपणी पकडून आणलेला असं इतिहासात नोंदलंय. मी त्या दरवाजाखाली पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा मनात आलं, सुलतान झाल्यावरसुद्धा त्याला गाव आठवत असेल.

कपाशी
चिखलदऱ्याला मुक्काम करायचा विचार असेल तर फोनवरच्या बुकिंगवर विसंबू नका. मागच्या डिसेंबरात आम्ही एका लॉजला पूर्ण पैसे आधी भरले आणि पोचलो तर खोली दुसऱ्याला दिलेली. रात्री नऊला, लहान मूल घेऊन, घाट उतरून परत परतवाड्याला आलो. घाटात अंधार पडल्यावर शक्यतो गाडी चालवूच नये, अस्वल-सांबर रस्त्यावर येतात. खाली परतवाड्यात राहा आणि पहाटे वर जा, हेच बरं. माकडांना खायला देऊ नका, ती कळकळीची विनंती आहे.

शकुंतलेचा_प्रवासी
जाताना अंजनगावच्या बाजूने येणारा कोणी असेल तर विड्याची पानं मागवून घ्या. अंजनगाव सुर्जीचे पानमळे नावाजलेले. तिथे पानपिंपळीही होते, औषधाला जाते. लग्नघरात विडा करून द्या, आईंना आवडेल.

रानजाई
ठरलं. शुक्रवार गाव. शनिवारी सकाळी बहिरम, पण साडेसातला आणि टेकडी न चढता. (@दुल्हागेट, रागावू नका, आईनेच हट्ट धरला. तिचे वडील तिला खांद्यावर बसवून यात्रेत न्यायचे.) रविवारी पहाटे चिखलदरा. @सरकीढेप, वावरातल्या पंगतीचं इतकं आपुलकीनं विचारलंत, पण बहिरमला रोडगे मिळतील तर तुमच्या भावाला त्रास नको.

सरकीढेप
त्रास कायचा? बरं, जशी तुमची मर्जी. पण सोले सांगून ठेवजा.

रानजाई
परत आलो. कसं झालं ते सांगते.

शुक्रवारी सकाळी आधी हौज कटोरा. @दुल्हागेट, सकाळच्या सावलीबद्दल तुम्ही म्हणालात ते अगदी खरं. आई तळ्याच्या काठावर दगडावर बसली आणि म्हणाली, "हा केवढा लहान झाला." मग स्वतःच म्हणाली, मी मोठी झाले. बराच वेळ तिथे बसलो. शेजारच्या शेतात एक जण हरभऱ्याचा हुळा भाजत होता, त्याने न मागता मूठभर आणून आईच्या ओंजळीत टाकला. काळे हात करून तिने सगळा खाल्ला.

बिलनपुऱ्यात घर सापडलं नाही. त्या जागी तीन मजली इमारत आहे. पण समोरच्या घरातल्या आजीबाई बाहेर आल्या आणि दोघी बोलायला लागल्या. दहा मिनिटांत आईची भाषा बदलली. "मले", "तुले", "काहून". मी पन्नास वर्षांत आईला असं बोलताना ऐकलेलं नाही. चहा झाला, मग पोहे झाले, वर तर्री वाढली, आणि निघताना त्या आजींनी आईला एका पिशवीत घरची तिखट-मिठाची कैरी दिली. वेस दुल्हा दरवाजाच निघाली. आई कमानीखालून तीनदा गेली-आली. बाजूने मोटारसायकली भुर्रकन जात होत्या, आम्ही दोन्ही बाजूंनी तिला धरून होतो.

मग स्टेशन. गवत वाढलंय, पण रूळ दिसतात. आईने काठी दोन रुळांवर आडवी ठेवली. काठी दोन्ही बाजूंनी बाहेर आली. ती काही बोलली नाही. 1966 ला इथूनच निघाले होते, सहा माणसं, दोन ट्रंका आणि एक पाटा-वरवंटा. पाटा अजून नाशिकच्या घरी आहे.

बहिरम: साडेसातला पोचलो, गर्दी खरंच नव्हती. धुक्यात चुलींचा धूर मिसळला होता. आईने खालूनच हात जोडले. रोडगे, वांग्याची भाजी, वरण, तूप. रोडगा फोडताना पहिल्यांदा मला चटका बसला. फडक्यात धरायचा असतो हे आईने नंतर सांगितलं. पदर खरंच सुटतात, वरचा कडक, आतला मऊ, मधला तेलाने चमकणारा. नवऱ्याने हंडी खाल्ली आणि दुपारपर्यंत दुसरं काही बोलला नाही. @तर्रीपोहा, तुमचा सल्ला योग्य होता. आईने एक सागाचं लाटणं घेतलं.

चिखलदऱ्याला धुकं इतकं की देवी पॉइंटवरून दरी दिसलीच नाही. पण गाविलगडाचा दरवाजा बघितला. @वनवाट, तुमचं लिखाण तिथे उभं राहून आईला परत वाचून दाखवलं. कॉफी चांगली, कडवट, थंडीत दोन-दोन कप झाली. रबडी घेतली. स्ट्रॉबेरी प्रवासात चेंगरली, तिचा जॅम केला.

आणि सोले. लग्नघरी सांगितलं होतं, त्यांनी शुक्रवारी रात्री आमटी-भाकरी केली. निघताना तीन किलो सोललेले दाणे बांधून दिले. आता ते फ्रिजमध्ये आहेत आणि एवढे एकदम संपणार नाहीत. ते टिकवायचे कसे?

पोळपाट_लाटणं
उकळत्या पाण्यात चिमूटभर मीठ घालून दोनच मिनिटं टाका, लगेच गाळून गार पाण्यात. मग सुती फडक्यावर पसरून पूर्ण कोरडे होऊ द्या. पाणी राहिलं तर बर्फाचा गोळा होतो. एकेका भाजीपुरत्या पिशव्या करून बर्फाच्या कप्प्यात. उन्हाळ्यापर्यंत छान राहतात.

सरकीढेप
अन् एक पिशवी तशीच ठेवजा, उद्याच आमटी कराले. नाशिकले वरवंटा हाय ना, मिक्सरात नका वाटू. आईलेच वाटू द्या.